मामाचे चाकू आणि माझं लग्न

माझ्या मामाला जुने चाकू जमवायचा नाद होता. खिशात मावणारे, मिटायचे चाकू. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचे, पण इथं एकेरीतच लिहिणार. तेवढा मान त्याला पुष्कळ झाला.

बारामतीत त्याचं दोन खोल्यांचं घर. त्यात एकच काचेचं कपाट आणि त्या कपाटात चाकू. हरणाच्या शिंगाच्या मुठीचे, पितळी मुठीचे, पात्यावर इंग्रजी शिक्का असलेले. खाली लाल मखमल. सुप्याच्या बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगापुढं हा माणूस तासन्‌तास उकिडवा बसायचा. पोरीच्या फ्रॉकचं कापड आणायला मात्र ह्याला सवड नसायची. आलेल्या पाहुण्याला आधी कपाट दाखवायचा, मग पाणी. हात लावू द्यायचा नाही. "बोटाचा घाम लागतो, गंज धरतो," म्हणायचा. घरात एवढी पाती, पण मामी कांदा चिरायची ती मोडक्या विळीवर. त्या चाकूंनी जन्मात कधी काकडीसुद्धा कापली नाही. काय कौतुक करायचं असल्या हत्यारांचं!

माझे वडील गेले तेव्हा मी बारावीत होते. दहाव्याला मामा आमच्याकडं कोऱ्हाळ्याला आला. बाया रडत होत्या आणि हा खुंटीवरच्या वडिलांच्या कोटाचे खिसे चाचपत होता. "दाजींकडं एक शिंगाचा चाकू असायचा, कुठं गेला गं?" असं वर मलाच विचारतो! आईनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तिला हा एकच भाऊ.

पुढं माझं लग्न ठरलं. मुलगा कळंबचा. लग्नात व्हिडिओवाला बोलवायची तेव्हा नवी नवी हौस होती, तो काळ. आईला मात्र एकच घोर लागला होता. नवरीला मांडवात मामानं हाताला धरून आणायचं असतं. बाप नाही, निदान मामा तरी जागेवर पाहिजे. आई विधवा, शुभकार्यात पुढं व्हायचं नाही, हे तिचं तिनंच ठरवून टाकलेलं. बारामतीला जाऊन ती भावापुढं अक्षरशः हात जोडून आली. "बापाची जागा तुलाच भरायची हाय रं," म्हणाली. मामा म्हणाला, "येतो की. ही काय सांगायची गोष्ट हाय व्हय?" आणि आलाही, नवा सफारी घालून.

आता नवरदेवाच्या हातात हळदीपासून चाकू असतो आणि त्याच्या टोकाला लिंबू टोचलेलं असतं, दृष्ट लागू नये म्हणून. अक्षता पडेपर्यंत तो हातातून सोडायचा नाही. बहुतेक जण बाजारातला साधा चाकू घेतात. माझ्या सासरच्यांनी आणला तो नवरदेवाच्या आजोबांचा. त्यांच्यात पूर्वी मेंढरं होती, तेव्हापासूनचा. काळ्या शिंगाच्या मुठीचा, मिटता. झालं! मामाची नजर पडली आणि माणूस कामातून गेला.

घरात मी मुंडावळ्या बांधून उभी. बाहेर माईकवर भटजींनी पुकारलं, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं." कुणी येईना. भटजींनी पुन्हा पुकारलं. तरी कुणी नाही. मग मामीच धावत आली, रडवेली झालेली. "आगं, तुझा मामा नवरदेवाच्या पाटाला चिकटून बसलाय. उठंना झालाय!"

माईक तिथंच होता, त्यामुळं पुढचं सगळं अख्ख्या गावानं ऐकलं. मामा नवरदेवाला विनवत होता. "जावईबापू, ते लिंबू काढा वो. रसानं पातं खाऊन चाललंय. कालपास्नं टोचलंय, काळं ठिक्कर पडंल! हा दुसरा घ्या, नवा कोरा हाय." आणि नवरदेव काही बोलायच्या आत ह्या बहाद्दरानं स्वतःच हात घालून लिंबू उपटलं!

नवरदेवाच्या आत्यानं किंकाळीच फोडली. "लिंबू काढलं! पोरावर करणी केली गं बाई! उठवा नवरदेवाला, न्हाय करायचं हितं लगीन!" वऱ्हाड उभं राहिलं. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. बाहेर माझं लग्न मोडत होतं आणि मामा समजावत होता, "आवो, करणी न्हाय, गंज! गंज चढतो!" मेला तो गंज. आग लागो त्या पात्याला, असं मी मोठ्यानं म्हणाले.

तेवढ्यात मागच्या खोलीतून आई आली. सकाळपासून ती तिथं धान्याच्या पोत्यांआड बसून होती. तिनं पदर खोचला, माझा हात धरला आणि म्हणाली, "चल." मांडवातल्या बाया कुजबुजल्या. आई सरळ पाटापर्यंत गेली. "लिंबू दे त्यांचं त्यांना अन् हो बाजूला," ती भावाला म्हणाली. आवाज चढवला नाही. नवरदेवानं लिंबू घेतलं आणि आपल्या हातानं परत टोचलं. आत्या पुन्हा तोंड उघडणार, इतक्यात नवरदेवाचे आजोबा काठी टेकत उठले. "मामा न्हाय तर आई हाय की. म्हणा वो मंगलाष्टका." अक्षता पडल्या. आई माझ्या मागं उभी होती, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मला रडू आवरेना.

वाटलं, आता तरी मामाला लाज वाटेल. कसली लाज! दिवाळीच्या आधी हा कळंबला माझ्या सासरी हजर. एसटीतले धक्के खात, धुळीनं माखून. मी खुळी, मला वाटलं माफी मागायला आलाय बिचारा. पाणी पिता पिता म्हणाला, "तो चाकू दावा की जरा." सासूबाईंनी आणून दिला. खिशातून भिंग काढून तो पातं उलटंपालटं करत बसला. "बघा, पातं काळं पडलंय," म्हणाला. मी विचारलं, "मामा, तुमी आईकडं गेलता का?" "न्हाय बा. सवड कुठं हाय," म्हणाला, आणि भिंगावरून मान वर केली नाही. तू कशी आहेस, एवढंसुद्धा त्याच्या तोंडून निघालं नाही. चहा प्यायला आणि गेला.

दिवाळीला मी माहेरी गेले. आईला कुणीतरी सांगितलेलंच होतं. फराळ वाढता वाढता तिनं विचारलं, "मामा आला व्हता म्हणं तुझ्याकडं. काय म्हणाला?" ती इतक्या आशेनं माझ्याकडं बघत होती, की काहीतरी गोड खोटं सांगून टाकावंसं वाटलं. पण माझ्या जिभेला ते जमत नाही. "पातं काळं पडलंय म्हणाला," मी सांगितलं.

आईनं डब्याला झाकण लावलं. भाऊबीजेच्या संध्याकाळी तिनं ओवाळायचं ताट केलं, पण पाट मांडला नाही. बीजेची कोर दिसल्यावर ताट घेऊन अंगणात गेली आणि ज्यांना भाऊ नसतो त्या बाया ओवाळतात, तसं चंद्राला ओवाळून आली. भाऊ एसटीनं तासाभराच्या अंतरावर बारामतीत होता, धडधाकट.