उसाच्या गावातली कोरडी टाकी

शनिवार-रविवार पेट्रोलपंपांना कुलूप लागायचं, ते दिवस. तेल अरबांकडून यायचं आणि ते घ्यायला सरकारकडे डॉलर उरले नव्हते. मग फर्मान निघालं, ब्राझील आता आपल्या उसावर धावेल. साओ पाउलो प्रांतातल्या त्या आडगावात हे सगळ्यात मनावर घेतलं ते आंतेनोर मिस्त्रीनं. सहा आठवड्यांच्या सरकारी शिबिराला जाऊन तो पेट्रोलची इंजिनं उसाच्या अल्कोहोलवर चालवायला शिकून आला आणि येईल त्याला पटवू लागला.

पहिला पटला ओनोफ्रे. चौकातला टॅक्सीवाला, शाळेपासूनचा दोस्त.

“म्हणजे आता पोलीस माझं सोडून गाडीचं तोंड हुंगणार म्हण की!”

“हुंगू देत. अरबाच्या दारात तर उभं राहायला नको.”

ओनोफ्रेची टॅक्सी धावली, तशी गावाचीही खात्री पटली. पुढं मोटारींच्या कारखान्यातूनच अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्या येऊ लागल्या. दहा वर्षांत पेट्रोलची गाडी शोधावी लागे. ऊसही वाढत वाढत कॉफीचे मळे गिळून घरांच्या मागच्या भिंतींना येऊन टेकला. तोडीआधी फड पेटवायचे, त्याची काळी राख गावभर उडायची. ओनोफ्रेची बायको नेउझा दोरीवरच्या चादरी झटकत ओरडायची, “आंतेनोर, तुझी देशभक्ती पुन्हा माझ्या धुण्यावर पडली बघ!” आणि मग त्यालाच कॉफीला बसवायची.

एकोणनव्वद साली नेउझाची दोन्ही मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा, सकाळी सहाच्या आत, साठ किलोमीटरवरच्या शहरात रक्त धुऊन घ्यायला जावं लागे. बस दुपारी एकची. ओनोफ्रे टॅक्सीनं न्यायचा.

त्याच वर्षी परदेशात साखरेचा भाव चढला. अल्कोहोलचा भाव सरकारनं बांधलेला, तोही पाडून. साखर कारखान्यांनी उसाचा रस साखरेकडं वळवला आणि पंप कोरडे पडले. रांगा चौकापासून चर्चपर्यंत जायच्या. “गाडीची संपली रे, आपली मात्र दुकानात भरपूर आहे,” म्हणून लोक हसायचे. पुढं पुढं हसणंही थांबलं. नगरपालिकेची रुग्णवाहिकासुद्धा अल्कोहोलचीच, ती शेडमध्ये उभी.

आंतेनोरनं गॅरेजातल्या नऊ गाड्यांच्या टाक्या नळीनं तोंडानं ओढून उपसल्या. पंधरा लिटर निघालं. त्यात नेउझाची एक खेप झाली. पुढची चुकली. तिचे पाय सुजले, श्वास लागायला लागला.

“पेट्रोल मिळतंय, तेच घाल,” ओनोफ्रे म्हणाला.

“नुसतं घातलं तर इंजिन जळेल. अल्कोहोलसाठी हेड मीच घासून बसवलंय, आत दाब जास्त आहे.”

“मग बदल सगळं.”

“पिस्टन हवेत रे. महिन्याभरात एकही आला नाही. सगळा प्रांत तेच मागतोय.”

शेवटी आंतेनोरनं उरलेल्या अल्कोहोलात पेट्रोल मिसळलं, ठिणगीची वेळ मागं ओढली आणि स्वतः शेजारी बसला. तीस किलोमीटर गाडी खडखडत गेली. मग मोठा आवाज झाला, काळा धूर आला आणि ती थांबली. झाकण न उघडताच आंतेनोरला कळलं. पिस्टनला भोक पडलं होतं.

दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ऊस. सात वाजले, आठ वाजले. ऊस भरलेले डिझेलचे ट्रक एकामागून एक कारखान्याकडं जात होते, थांबत कुणी नव्हतं. नेउझा मागच्या सीटवर आडवी होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “केवढा ऊस आहे, नाही?”

नऊनंतर एक रिकामा ट्रक थांबला, पण गावाकडं परतणारा. त्यातूनच तिला घरी आणलं.

पुढच्या खेपेला पलीकडच्या गावातून कुणाची तरी पेट्रोलची गाडी मिळाली. दारात आली, तर नेउझा उठेना.

“वहिनी, चला. गाडी आलीय,” आंतेनोर म्हणाला.

“आज आली. परवाचं काय?” ती म्हणाली. “मला आता रांगेत उभी करू नका. ओनोफ्रे, खिडकी लाव, राख येतेय.”

ओनोफ्रे तिच्या पाया पडला, चिडला, पाद्र्याला घेऊन आला. ती हलली नाही. अकराव्या दिवशी गेली.

पुरल्यानंतर आंतेनोर ओनोफ्रेसमोर उभा राहिला. शिव्या ऐकायची तयारी करून आला होता. ओनोफ्रे म्हणाला, “तुझी काय चूक? तुला जे सांगितलं, ते तू आम्हाला सांगितलंस.” आणि इतर माणसांकडं वळला.

दोन महिन्यांनी पिस्टन आले. आंतेनोरनं टॅक्सी पेट्रोलवर करून दिली. ओनोफ्रे न्यायला आला नाही. त्यानं साखर कारखान्याच्या काट्यावर नोकरी धरली होती, उसाचे ट्रक मोजायची. आंतेनोर तिथं गेला, तेव्हा ओनोफ्रेनं वर पाहिलं, पुढच्या ट्रकला हात केला आणि म्हणाला, “विकून टाक.”

नेउझाची ती खेप गावाला ठाऊक होती, टॅक्सी घ्यायला कुणी आलं नाही. गॅरेजपुढं मात्र रोज गाड्या उभ्या राहायच्या, सगळ्यांना पेट्रोलवर यायचं होतं. आंतेनोर सकाळी हेड उघडायला बसायचा. एखादा विचारायचा, “मिस्त्री, हे तरी टिकेल ना?” तो मान न उचलता म्हणायचा, “मला विचारू नका.”