काशामामाचे नऊ रेडिओ

मी माझ्या मामाला नरकात पाठवलं, असं मला वर्षभर वाटत होतं.

म्हणून लिहायचं टाळलं. चारदा सायबर कॅफेत बसलो, क्रिकेटचे स्कोअर बघितले आणि उठलो.

आज काशामामाला जाऊन वर्ष झालं. संध्याकाळी पोशेऱ्याला घरी प्रार्थना आहे. मामीने मला चहापावडर आणि बिस्किटं आणायला जव्हारला पाठवलंय, आणि मी इथं टाइप करत बसलोय. नववी सोडल्यापासून असंच. निघतो एकीकडे, पोचतो भलतीकडे.

हां, तर मामा.

मी लहान असताना आमचं घर येशूच्या विश्वासात आलं. तेव्हा घरातले जुने देव फडक्यात बांधून नदीत सोडले. आमच्याकडे विश्वासात येणारे बरेच जण तसंच करायचे.

कोपरा रिकामा झाला.

तिथं मामाचे रेडिओ आले.

सगळे मोडके. कोणी टाकलेले, कोणी फुकट दिलेले. मामा चुलीत सळई तापवून तुटलेल्या तारांना डाख द्यायचा. गाणी, बातम्या, कशाशीच देणंघेणं नाही. खरखर थांबून आवाज साफ आला की खूश! लगेच बंद. सेल वाचले पाहिजेत ना.

रोज उठला की आधी फडकं घेऊन नऊच्या नऊ पुसायचा.

नवे पास्तर घरी आले आणि त्यांनी हे बघितलं. वयाने कोवळे, नुकतेच शिकून आलेले. रविवारी प्रार्थनेत म्हणाले, "मूर्ती नदीत गेल्या. पण माणसाचा जीव ज्या वस्तूत अडकतो, तीसुद्धा मूर्तीच."

नाव नाही घेतलं. पण सगळी मंडळी मामाकडे वळून बघायला लागली.

मग प्रभुभोजनाची भाकर आली, येशूच्या आठवणीत सगळे वाटून खातात ती. मामाने ताटली तशीच पुढे सरकवली.

पुढच्या वेळीही.

"घे की," मामी कुजबुजली.

"असल्या हातानं नाय घेत."

एक दिवस त्याने रेडिओ गोणीत भरले. "चल पोऱ्या, नदीवर."

जिथं देव सोडले होते, तिथंच. गुडघाभर पाण्यात उभा राहिला. मी गोणी उघडली तर काय! प्रत्येक रेडिओ प्लास्टिकच्या पिशवीत, वर दोन-दोन गाठी.

"मामा, बुडवायचेच तर पिशवीत कशाला?"

"पाणी जाईल ना आत, येड्या!"

मला हसू आलं. तो नाही हसला. हाताकडे बघत राहिला.

"देव सोडले तवा हात नाय थरथरले. आता थरथरतात. म्हंजे पास्तर खरं बोलला."

डोळे मिटून एकेक सोडत गेला. त्याचे डोळे मिटलेले बघून मी सगळ्यात छोटा रेडिओ शर्टात घातला.

का? माहीत नाही. बघवलं नाही.

तरीही मामा भाकर घेईना. म्हणायचा, "रेडिओ गेले, मन अजून तिथंच हाय."

मग मी बांधकामाच्या कामाला वसईला गेलो. गेल्या वर्षी मामीचा निरोप आला, मामा आजारी आहे, ये. मी पोचलो तेव्हा त्याची वाचा गेली होती.

मी काय केलं असेल?

नवे सेल टाकले आणि तो छोटा रेडिओ त्याच्या हातात दिला.

खरखर. खरखर. मग साफ आवाज.

मामा डोळ्यांनी हसला. दुपारी गेला. रेडिओ छातीवर होता.

मूठमाती देताना मी सगळ्यांसमोर पास्तरवर ओरडलो, "खूश का आता? तुम्हीच तोडला त्याला भाकरीपासून!" त्यांनी वाकून आपली मूठभर माती टाकली. मी त्याच दिवशी जीप धरली.

वसईला सिमेंटच्या गोण्या उचलताना एकच डोक्यात. मामाने जे सोडलं होतं, ते मी शेवटच्या घटकेला परत त्याच्या हातात ठेवलं.

आज सकाळी मामी भाकऱ्या थापत होती. सगळं सांगून टाकलं.

"एवढंच? आन यापायी वरीसभर तोंड नाय दावलंस?"

मग तिने सांगितलं. मी यायच्या चार दिवस आधी पास्तर आले होते. तेव्हा मामा बोलत होता. त्यानेच विचारलं, "पास्तर, रेडिओ बुडवले, पण जीव त्यातच हाय. पाप का?"

पास्तर म्हणाले, "बुडवा असं मी म्हटलं नव्हतं, काशीरामभाऊ. पण मी नवीन होतो, जास्त बोललो. मला एवढंच सांगा, रेडिओपायी कधी कोणाला विसरलात?"

मामाने मग मामीकडे बोट केलं.

"हिला. तापानं फणफणली होती, जीप बोलवायची होती. मी डाख देत बसलो."

"मग ते चुकलं. त्याची माफी देवाकडे मागा, आणि हिच्याकडेही."

मामाने मागितली. पन्नाशीतल्या माणसाने, बायकोचा हात धरून.

"मामी, तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? त्या तापाच्या दुसऱ्या दिशी त्यानंच पेज करून पाजली व्हती. करपलेली. माफ तवाच केलतं. पण विचारलं, ते बरं वाटलं."

पास्तरांनी तिथंच खाटेवर त्याला भाकर दिली. मामाने घेतली. दोन्ही हातांनी.

"आन त्यो छोटा रेडिओ ना," मामी म्हणाली, "तुझ्या मामाला ठाऊक व्हता. म्हणायचा, नऊ पिशव्या नेल्या, डुबुक आठदाच झालं. भाचा आणील तवा बघू. वाट बघत व्हता."

मी चुलीपाशी बसून रडलो. की हसलो.

"सरक तिकडं, तुझ्यापायी भाकर करपली," मामी म्हणाली.

वर्षाने पोटभर जेवलो. खरंच सांगतो.

मला धर्मातलं फार कळत नाही. पण मामाचं पाप रेडिओत नव्हतं. ते त्या तापाच्या दिवसात होतं, आणि त्याची माफी मागून, मिळवून तो गेला.

मामा, सुखानं राहा. आमची काळजी नको.

एक काम राहिलंय. पास्तर बदली होऊन गुजरातकडे गेलेत, त्यांचा पत्ता शोधून मला माफी

थांबा.

समोर एसटीतून कोण उतरलं बघा. पास्तरच. एकटेच, हातात पिशवी. त्यांना कोणी कळवलंसुद्धा नव्हतं.

मला बघितलं त्यांनी. रस्ता ओलांडून इकडेच येतायत.

शेजारची खुर्ची ओढून ठेवलीय. बंद करतो.