डोळ्यातली चरबी

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. होऊन मी गावी आलो होतो. अंगणात बाबांशी बोलता बोलता त्यांच्या बुबुळांभोवती पांढरट कडं दिसलं. शेजारचे काका मोतीबिंदूनं आंधळे झालेले मी पाहिले होते. बाबांची नजर गेली तर पेरणीला तिफण कोण धरणार? दुसऱ्याच दिवशी त्यांना रिसोडला डॉक्टरकडे नेलं. सगळ्या वाटेनं मी त्यांना लांबची झाडं ओळखायला लावत होतो.

"कायले भेऊन राह्यला बे? दिसते मले," ते वैतागले.

डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली. म्हणाले, "मोतीबिंदू नाही. वय झालं की बुबुळाच्या कडेला चरबी साचते. त्यानं नजर जात नाही."

माझा जीव भांड्यात पडला. बाबांच्या तोंडचं पाणी मात्र आता पळालं. बाहेर येताच त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"गावात मोतीबिंदूच सांगजो. चरबी म्हनशीन त लोक म्हनतीन, पोरगं शिकलं अन् बापाच्या डोयावर चरबी चढली!"