बारावा जोड

काकूंनी बुटांच्या दुकानात सोळा वर्षं काढली. एकदा नकली स्निकर्स विकल्याची तक्रार आली, तेव्हा मालकाने सगळं खापर त्यांच्या माथी फोडलं. "हीच अस्सल जोड घरी नेते आणि नकली आणून ठेवते," असं तो भर दुकानात, त्यांच्या लेकीदेखत म्हणाला. काकूंची नोकरी गेली. तेव्हापासून त्यांनी डूख धरला.

पुढे वापरलेले आणि उरलेले बूट विकत घेणाऱ्या एका दुकानात त्या पारखी म्हणून लागल्या. तीन वर्षांनी तोच मालक धंदा गुंडाळून बारा जोड विकायला आला. काकूंना पाहून त्याचा चेहरा पडला.

"बसा ना," काकू गोड आवाजात म्हणाल्या.

त्यांनी प्रत्येक बुटाच्या गोंदाचा वास घेतला, टाचेची शिवण नखाने चाचपली, आतल्या लेबलचा नंबर खोक्याशी ताडून पाहिला. "नकली!" त्या मागे उभ्या गिऱ्हाइकांच्या अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या. असं अकरा वेळा झालं.

बारावा जोड मात्र खरंच अस्सल होता. त्यालाही नकली म्हणायला त्यांची जीभ वळवळत होती. पण तो खरा ठरवला, तर बाकीच्या अकरा निकालांवर शंका घ्यायला जागाच उरणार नव्हती.

"हा अस्सल आहे," त्या म्हणाल्या.

नकली मालाच्या प्रत्येक पावतीवर आणणाऱ्याची सही लागे. मालकाने मान खाली घालून अकरा सह्या केल्या. नाव नीट वाचता येत नाही म्हणून काकूंनी त्यातल्या दोन पुन्हा करायला लावल्या.