डाव्या गालावरचा वारा

आमचं गाव उठलं त्या दिवशी ट्रकात सगळ्यात शेवटी चढली ती घराची चौकट. बाबांनी ती भिंतीतून अख्खी काढली होती. छपराचे कवेलू आधीच गेले होते, आणि माय रिकाम्या ओसरीवर केरसुणी फिरवत होती. महिन्याभरात जिथे पाणी येणार तिथे झाडायचं कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, "झाडल्याबिगर घर सोडत नाही, बाई." मी नववीत होते. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढत चढत आमच्या शेताच्या खालच्या धुऱ्याला लागलं होतं. ट्रक निघाला तेव्हा बाबा मागे फळीवर बसले, तोंड वैनगंगेकडे करून. रडले नाहीत. पण वाटभर त्यांनी माझा खांदा घट्ट धरून ठेवला. बाबांनाही भीती वाटते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तुम्ही जे पुनर्वसनातच राहिलात, आणि जे माझ्यासारखे पुणं, सुरत, हैदराबाद गाठून बसलात, त्या सगळ्यांना एक विचारते. जुन्या गावाची हवा आठवते का? घरं सगळ्यांना आठवतात. कुणाचं आंब्याचं झाड कुठे होतं यावर अजून आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडणं होतात. हवेबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. मीही कधी काढला नव्हता.

तिथली थंडी कोरडी होती. नदीवर सकाळी धुक्याचा पट्टा असायचा, पण तो नदीपुरताच, आणि ऊन आलं की विरायचा. पहाटेचा वारा नेमाचा. नदीच्या वरच्या अंगानं, उत्तरेकडून, खोऱ्यातून सरळ खाली यायचा. आमचं दीड एकर वावर पल्याड, पूर्वेच्या काठावर उंचवट्याला होतं. धानाच्या बांध्या गावाकडे आणि लाखोळीची डाळ, जवस पल्याड, अशी आमची शेती. बाबा रोज सकाळी डोंगा वल्हवत पलीकडे जायचे. धुकं असलं तर नदीत हात बुडवून दोन्ही गाल ओले करायचे आणि कुठला गार पडतो ते बघायचे. मी सात वर्षांची असताना त्यांनी मला हे शिकवलं. "वारा डाव्या गालावर ठेव. डोये मिटले तरी पल्याड लागशीन." मी डोळे मिटून वल्हं मारलं आणि खरंच लागले. पुढे कितीतरी दिवस शाळेत तेच सांगत फिरत होते.

नव्या गावठाणात सगळं सरळ रेषेत होतं. रस्ते सरळ, घरं सरळ, विजेचे खांब सरळ. जमीन मुरमाड. आणि उशाशी ते पाणी, ज्याचा पलीकडचा काठ स्वच्छ दिवशीसुद्धा नीट दिसत नव्हता. पहिल्याच हिवाळ्यात धुकं पाण्यावरून उठून गल्लीत आलं आणि दहा वाजेपर्यंत हललं नाही. उन्हाळ्यात अंगाला चिकचिक व्हायला लागली. लाखोळीवर मावा पडू लागला. मायचा खोकला पौषात सुरू झाला की होळीपर्यंत थांबत नसे. म्हातारे म्हणायचे, हवा बिघडली. कशानं बिघडली ते कुणी सांगत नव्हतं आणि मला विचारायची भीती वाटायची, कारण जे हवा बिघडवतंय ते रात्रंदिवस आपल्या शेजारीच पडलेलं आहे, हे दिसत होतं.

आमचं ते दीड एकर मात्र पाण्याबाहेर राहिलं. रस्त्यानं जायचं तर पुलावरून मोठा वळसा, म्हणून बाबांनी डोंगा सोडला नाही. वावर विका म्हटलं की एकच उत्तर. "गावाचं तेवढंच वर राहिलं हाये, बाई. तेही सोडू?"

मी शिकले, बी.एड. केलं आणि पुण्यात एका शाळेत भूगोल शिकवायला लागले. फ्लॅट, स्कूटी, पेइंग गेस्ट मैत्रिणी, सगळं रीतसर. आठवीच्या वर्गात दर वर्षी फळ्यावर एक आकृती काढते. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, पाणी दोन्ही गोष्टींना उशीर लावतं. म्हणून दिवसा वारे पाण्याकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे, आणि रात्री ते पहाटेपर्यंत जमिनीकडून पाण्याकडे जातात ते मतलई. आकृतीत मी समुद्र काढायची, कोकणातला. तो समुद्र मी स्वतः पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, मुलांना रांगेत उभं करता करता.

मागच्या पौषात सकाळी साडेआठला मायचा फोन आला. "बाबा सहाचे निघाले. पल्याडचे लोक म्हणतेत, डोंगा आलाच नाही. धुकं एवढं हाये का आंगणातली बैलबंडी दिसून नाही राहिली." बाबांचा फोन घरातच होता. पाण्यात पडेल म्हणून ते कधी नेतच नसत. माझा चुलतभाऊ नीलकंठ मासेमारांची इंजिनाची नाव घेऊन निघत होता. आधी पूर्वेचा काठ बघणार होता, कारण बाबा तिकडेच जायला निघाले होते.

तास माझा होता. दुसऱ्या बाईंना वर्गावर पाठवून मी स्टाफरूममध्ये बसले. बाबा आता काय करत असतील याशिवाय दुसरा विचार येईना. काही दिसत नाही म्हटल्यावर ते पाण्यात हात बुडवतील, गाल ओले करतील. वारा डाव्या गालावर घेतील. आणि मग मला फळ्यावरची आकृती आठवली. मी कागदावर तलाव काढला, भोवती जमीन काढली आणि पहाटेचे बाण काढले. सगळे बाण काठाकडून पाण्याकडे. आता तिथे खोऱ्यातून येणारा तो एकच वारा कुठे होता? पश्चिमेच्या काठावरून निघालेल्या माणसाला वारा पाठीमागून, पश्चिमेकडूनच येणार. तो डाव्या गालावर घ्यायचा तर तोंड उत्तरेला होणार. काठ वळेल तसा वारा वळेल, वारा वळेल तसे बाबा वळतील. पल्याड न लागता ते काठाकाठानंच फिरत राहतील, आणि आपण बरोबर चाललोय याची त्यांना पूर्ण खात्री असेल.

नीलकंठला फोन लावला. तो नावेत चढत होता. "दादा, पल्याड जाऊ नको. आपल्याच काठाच्या बाजूनं बघ, वरच्या अंगाले."

"पागल झाली का? बुढा पल्याड जायले निघाला अन् मी इकडं पाहू?"

"पाय धरते तुझे. वर जा."

पुढचे दोन तास मी कसे काढले ते लिहीत नाही. माझं चुकलं असतं तर मीच त्यांना उलट्या दिशेला पाठवलं असतं, एवढंच डोक्यात होतं. पावणेअकराला नीलकंठचा फोन आला. एका नाल्याच्या तोंडाशी, पाण्यात उभ्या वाळक्या झाडांत डोंगा अडकला होता. बाबा कमरेपर्यंत भिजलेले, दातावर दात आपटत होते, आणि नावेतल्या लोकांना विचारत होते की पल्याडचा काठ एवढा दूर कसा गेला.

दोन दिवसांनी मी घरी पोचले. बाबा गोधडीत बसले होते. मी तो कागद उलगडून सगळं समजावलं. त्यांनी एकेका बाणावर बोट ठेवलं. मग विचारलं, "तुले हे ठाऊक होतं?"

"हो. आठ वर्षं शिकवते."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं. वाऱ्याबद्दल बाबांना काही सांगायचं असतं, हे मला सुचलंच नव्हतं. आणि पुस्तकातलं पाणी आपल्या दारातलंही असतं, हेही नाही. मला लाज वाटली, अजून वाटते.

त्यानंतर ते फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेऊ लागले. आणि रोज सकाळी सहाला मला विचारू लागले. "बाई, आज धुकं हाये. जाऊ का?" मी नको म्हणायची. ते मुकाट्यानं थांबायचे. मला ते मुकाट्यानं थांबणं पाण्याइतकंच भिववायचं.

परवा सहाला फोन आला नाही. मी लावला तर मायनं सांगितलं, "गेले ना. धुकं होतं. म्हणे, आता मले समजला तो वारा." मी तीन तास वर्गात काय शिकवलं ते मुलांनाच विचारावं लागेल. अकराला बाबांचा फोन आला. "पोचलो. लाखोळी बरी हाये यंदा. भेव नको करत जाऊ."

पुण्यात लोक विचारतात, घर कुठे तुमचं? भंडारा सांगून मी मोकळी होते. तुम्हाला खरं सांगते. बाबा अल्याडून डोंगा सोडतात आणि पल्याडून पोचल्याचं कळवतात, त्या मधल्या वेळात मी राहते.