लिफ्टचं रोमन गाऱ्हाणं

प्राचीन रोमचा धर्म हा माझा विषय. मी शिकवायला लागलो की खिडकीतले कावळेसुद्धा वही काढतात. जगातले यच्चयावत देव मला ओळखतात, पण आमचे बाबा शेजाऱ्यांना एवढंच सांगायचे, "पोरगा मास्तर आहे." मेलेल्या देवांचा अभ्यास सांगायची त्यांना लाज वाटायची.

मग सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या सोसायटीत नवी लिफ्ट बसली. नारळ कुणाच्या नावाने फोडायचा? आम्हाला गणपती हवा, गुजराती शेजाऱ्यांना अंबामाता, वरच्या आंटीला मदर मेरी. भांडण पार पलीकडच्या चेणे गावापर्यंत ऐकू गेलं.

शेवटी मी नारळ उचलला. जागेचा देव कोण ते ठाऊक नसलं, की रोमन माणूस 'देव असशील किंवा देवी' असं म्हणून मोकळा व्हायचा. तेच मी आमच्या रत्नागिरीत देवाला घालतात त्या गाऱ्हाण्याच्या चालीत ठणकावलं, "देव असशील, देवी असशील, या जागेच्या राखणदारा, ही लिफ्ट सांभाळ रे महाराजा!"

"होय महाराजा!" पहिला आवाज बाबांचा. मागोमाग अख्खी सोसायटी ओरडली, आंटीसकट.

संध्याकाळी बाबा गेटवर वॉचमनला सांगत होते, "रोम में कुछ अटकता है ना, तो इसको ही फोन आता है."

एवढी मोठी थाप मलासुद्धा कधी जमली नव्हती. मी शेजारी उभा राहून मान डोलावली.