चढावरून घरी आणलेलं पान

आज मी चार माणसांत उभा राहून बोलू शकतो, जुन्नरच्या एका शाळेत मुलांना शिकवतो, ते माझ्या थोरल्या बहिणीमुळे. तिला मी आक्का म्हणतो. डिंगोऱ्याच्या आमच्या घरातून पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. आईनं अंथरूण धरलं तेव्हा आक्काची नुकतीच सातवी झाली होती. घरी कुणीतरी थांबायला हवं होतं, ती थांबली. माझी शाळा चालू राहिली.

पुढं ती लग्न होऊन डिंभ्याला गेली. दाजी धरणात मासेमारी करतात, थोडी भातशेती आहे. मुलगी मागच्या वर्षी नोकरीनिमित्त पुण्याला गेली आणि घर रिकामं झालं. तेव्हा आक्का मला म्हणाली, "भाऊ, मला दहावी करायचीय. लई दिवस राहिलंय ते."

मी तिचं नाव बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांत घातलं, पुस्तकं नेऊन दिली. पण पुस्तक समजावून सांगणारं तिथं कुणी नव्हतं. एका शिक्षकांनी प्रत्येक धडा सोप्या मराठीत मांडून इंटरनेटवर ठेवला होता, तो मी तिला मोबाईलच्या ब्राउझरमध्ये उघडून दाखवला. तिला तो आवडला. म्हणाली, "हे माणूस बोलल्यासारखं लिव्हलंय."

अडचण वेगळीच होती. तिच्या घरात बोलण्यापुरती रेंज येते, इंटरनेट येत नाही. त्यासाठी धरणाकडच्या चढावर जावं लागतं. संध्याकाळी तिथं बरेच जण उभे असतात. बाजारभाव, हवामान, मुलांचे निकाल, ज्याला जे हवं ते पान उघडायचं आणि तसंच घरी घेऊन यायचं. पण आक्काच्या फोनमध्ये ते पान टिकत नसे. स्क्रीन बंद झाला, कुणाचा फोन आला, मध्येच हिशेबासाठी कॅल्क्युलेटर उघडला, की परत येईपर्यंत पान पांढरं. ते पुन्हा लोड व्हायला निघायचं आणि घरात इंटरनेट नाही. फोटो काढून ठेवावेत, तर एका धड्याचे इतके फोटो व्हायचे की फोन भरून जायचा.

मग तिनं आपली पद्धत बसवली. पान उघडलं की विमानाचं चिन्ह दाबायचं, म्हणजे कुणाचा फोन येणार नाही. आणि घर येईपर्यंत अंगठ्यानं स्क्रीन वर-खाली हलवत चालायचं, म्हणजे तो विझणार नाही. शेजारणी तिला म्हणायच्या, "काय वं, वाऱ्यातनं दिवा न्यायला लागल्यावानी चालतीस!" दाजी त्यांच्याही वरताण. "मासा टोपलीत टाकला की घरापर्यंत ऱ्हातो. तुझं पान काय न्हाई ऱ्हात."

"तुमच्या माशाला परीक्षा न्हाई द्यायची," आक्का म्हणायची.

घरी पोचल्यावरही सुख नव्हतं. अक्षरं बारीक. दोन बोटांनी मोठी केली की ओळ स्क्रीनच्या बाहेर जायची. ती एक ओळ डावीकडून उजवीकडं ओढत न्यायची, परत डावीकडं यायची, आणि तेवढ्यात खालची की वरची हे विसरायची. पान गेलं की ती मला फोन करायची. मी इकडं तेच पान उघडून वाचायचो, ती वहीत उतरवायची. मला ते आवडत होतं. तिच्यासाठी काहीतरी करतोय असं वाटायचं. पण मी प्रत्येक संध्याकाळी मोकळा नसायचो, आणि परीक्षा जवळ येत होती. विज्ञानाचे निम्मे धडे राहिले होते.

एका रविवारी ती जुन्नरच्या बाजाराला आली आणि माझ्या घरी थांबली. तिच्या फोनवर वरच्या कोपऱ्यात अपडेटची खूण दिसत होती. विचारलं तर म्हणाली, "ती लई दिवसांपासून येतीय. मी हातबी लावत न्हाई."

"का?"

"आमच्या शेजारच्यांचा फोन अपडेटनं पार थंड झाला. परीक्षा तोंडावर आलीय, भाऊ. आता न्हाई. पेपर झाल्यावर काय करायचं ते कर."

तिची भीती खोटी नव्हती. जुन्या फोनला नवीन अपडेट कधीकधी झेपत नाही. फोन बंद पडला असता तर तिचा अभ्यास थांबला असता आणि दोष माझा असता. पण माझ्या फोनवर तेच अपडेट होऊन गेलं होतं, आणि माझा फोनही तिच्याच कंपनीचा, तिच्याइतकाच जुना. ब्राउझर सुधारल्याचं मला जाणवलं होतं. मी तिला म्हटलं, "फोन बिघडला तर माझा घेऊन जा. मी बिनफोनचा राहीन."

"म्हंजे मग मला वाचून कोण दाखवणार?" ती हसली, पण फोन दिला.

मी अपडेट सुरू केलं. फोन बंद होऊन चालू होईपर्यंत ती स्वयंपाकघरात गेली नाही की चहाला हात लावला नाही. स्क्रीन उजळला तशी पहिली ब्राउझरवर गेली आणि ओरडली, "अरं, हे उलटं झालं! वरची पट्टी खाली आली. डोकं खाली, पाय वर."

पत्ता लिहायची पट्टी खरंच खाली आली होती. मी म्हटलं, "अंगठा पोचावा म्हणून खाली दिलीय." तिनं अंगठा नेऊन पाहिला. पोचत होता. मग मी अक्षरं मोठी केली. ओळ बाहेर गेली नाही. तिथल्या तिथं मोडून खाली आली. आक्कानं एक परिच्छेद बोट न हलवता वाचला. चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुढचा वाचायला घेतला.

अपडेटनंतर ब्राउझरमधलं पानही टिकतं हे मी सांगितलं, पण तिचा विश्वास बसला नाही. डिंभ्याला गेल्यावर पहिले काही दिवस ती तशीच अंगठा हलवत चढ उतरत राहिली. मग एकदा विमानाचं चिन्ह दाबायचं विसरली आणि वाटेतच तिच्या मुलीचा पुण्याहून फोन आला. मायलेकींचं बोलणं घर येईपर्यंत चाललं. घरी येऊन चूल पेटवली, दाजींचं जेवण झालं, तेव्हा कुठं तिला धड्याची आठवण झाली. तिनं मला लगेच फोन केला.

"भाऊ, हाय ते! जिथं सोडलं व्हतं तिथंच हाय. अन्ननलिकेपाशी!"

मागून दाजींचा आवाज आला, "आता तरी नीट चालशील का रस्त्यानं?"

"त्यांचं सोड," ती मला म्हणाली. "आता तू वाचून दाखवू नको. मला माझं वाचू दे. अडलं तर इचारीन."

मी "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर संध्याकाळ एकदम मोकळी झाल्यासारखी वाटली आणि मला ती कशात घालवावी हे सुचेना. आनंद होता, पण जरा चुकल्याचुकल्यासारखंही वाटलं.

काही दिवसांनी तिचा फोन आला तो मराठीच्या पेपरसाठी. पत्रलेखनाचे सगळे नमुने पुस्तकं मागवण्याचे नाहीतर तक्रारीचे होते. तिला घरगुती पत्र कसं लिहितात ते पाहायचं होतं. "तूच एक लिव्हून धाड. खरंखुरं. म्हंजे मला कळंल." मी कागदावर लिहून पोस्टात टाकलं.

"ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

वर डाव्या बाजूला असा मायना येतो. घरातल्या मोठ्यांना 'तीर्थरूप', त्याचं 'ती.' करतात. खाली मजकूर लिहायचा. मजकुरात काय लिहायचं हे मी शाळेत मुलांना रोज सांगतो, पण आज मलाच वेळ लागतोय.

विज्ञानाचे सगळे धडे तू एकटीनं वाचून संपवलेस हे दाजींकडून कळलं. तू सांगितलं नाहीस. मी परीक्षेच्या दिवशी घोडेगावच्या केंद्रावर येणार होतो, पण तू नको म्हणालीस म्हणून येत नाही. केंद्रावर लवकर पोच. डिंभ्याच्या एसटीचा भरवसा धरू नकोस, दाजींना गाडी काढायला सांग. पेपर हातात आल्यावर आधी सगळा वाच. जे येतं ते आधी लिही. निकाल काय लागायचा तो लागेल, तू बसतेयस यातच मला सगळं मिळालं.

पत्राच्या शेवटी आपलं नातं लिहायचं असतं. तुझ्या पेपरात तू 'तुझी बहीण' लिहिशील. मी इथं लिहितो,

तुझा धाकटा भाऊ"